जासुदाची पायवाट

अलीकडे नागपुरांत एक नवा छंद मूळ धरूं लागला आहे. पहाटे सेमिनरी टेकडीच्या, तेलंगखेडीच्या किंवा गोरेवाड्याच्या बाजूस गेल्यास डांबरी रस्ता सोडून झाडींतल्या पायवाटेनें धांवत जाणारीं माणसें दिसतात. त्यांत विद्यार्थी आहेत, वकील-डॉक्टर आहेत, नोकरींतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, आणि ज्यांच्या आज्यांना अंगणापलीकडे धांवण्याची मुभा नव्हती अशा स्त्रियाहि आहेत. या छंदास ‘ट्रेल रनिंग’ असें इंग्रजी नांव असल्यामुळें तो बुटांच्या जोडाबरोबरच परदेशांतून येथें उतरला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नवशिक्यांसाठीं जें मार्गदर्शन छापलें जातें त्यांतहि आल्प्स पर्वताचीं व कॅलिफोर्नियाच्या डोंगरांचीं उदाहरणें असतात; सातपुड्याचें क्वचितच असतें. ही समजूत कितपत खरी आहे याचा इतिहासाच्या दृष्टीनें थोडा विचार करावा, आणि त्या विचारांतून आज धांवूं इच्छिणाऱ्यास कांहीं उपयोगाचें सांपडतें कीं काय तें पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

नागपूरच्या मध्यभागीं ‘झीरो माइल’ म्हणून ओळखला जाणारा दगडी खांब बहुतेक वाचकांनीं पाहिलेला असेल. इंग्रजी अमदानींतील त्रिकोणमितीय मोजणीचें हें स्मारक. त्याच्याजवळ निरनिराळ्या गांवांचीं अंतरें मैलांत कोरलेलीं आहेत : शिवनी ७९, छिंदवाडा ८३, बैतूल १०१, जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. खांबाशेजारीं चार घोडे उभे केलेले आहेत. तें पाहून परक्या माणसास असें वाटावें कीं, हीं अंतरें घोड्यांनीं तोडलीं. वस्तुस्थिति निराळी आहे. आगगाडी येण्यापूर्वीं जी बातमी, जी हुंडी, जें राजपत्र या गांवांहून नागपुरास येई किंवा नागपुराहून तिकडे जाई, तें पुष्कळ अंशीं माणसाच्या पायांनीं येई-जाई. त्या माणसाचा पुतळा तेथें नाहीं. घोडे मात्र आहेत.

पायीं धांवणाऱ्या डाकेचें सर्वांत बोलकें वर्णन चौदाव्या शतकांतील मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याच्या वृत्तांतांत सांपडतें. तो १३३३ च्या सुमारास हिंदुस्थानांत आला. त्या वेळीं दिल्लीस महंमद तुघलकाचें राज्य होतें. तो सांगतो कीं, या देशांत डाक दोन प्रकारची आहे, एक घोड्यांची व दुसरी माणसांची. आणि या दोहोंत माणसांची डाक अधिक वेगवान. दर मैलास तीन चौक्या असत व प्रत्येक चौकींत कंबर कसून माणसें तयार बसलेलीं असत. धांवणाऱ्याच्या एका हातांत पत्र व दुसऱ्या हातांत दोन हात लांबीची काठी असे, आणि काठीच्या टोंकास तांब्याचीं घुंगरें बांधलेलीं असत. घुंगरांचा आवाज कानीं पडतांच पुढच्या चौकींतला माणूस उठून उभा राही व पत्र हातांत येतांच जीव तोडून धांवत सुटे. या पायडाकेचें नांव तो ‘दावा’ असें देतो. आपल्या ‘धावा’ या शब्दाशीं विद्वानांनीं त्याचें नातें जोडलें आहे, व तें कानासहि पटतें. सुलतान दौलताबादेस असतां त्याच्या पिण्याकरितां गंगेचें पाणी याच धांवणाऱ्यांकडून नेलें जाई. आणि गंगा तेथून चाळीस दिवसांच्या वाटेवर होती. म्हणजे महाराष्ट्राच्या भूमीवर होणाऱ्या या धांवेचा लेखी पुरावा साडेसहाशे वर्षांहून जुना आहे. आणि तो पुरावा एका राजाच्या तहानेचा आहे.

नागपूरकरांस याहूनहि प्राचीन अशा एका दूताचें स्मरण व्हावें. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील रामगिरि म्हणजे नागपूरजवळचें रामटेकच होय, असें मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं साधार मांडलें आहे. त्या काव्याची रचना या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. त्याचा पूर्वार्ध जवळजवळ सगळा वाटेच्या वर्णनांत खर्ची पडला आहे. निरोप मागाहून येतो. कोणत्या डोंगरावर विसांवा घ्यावा, कोणत्या नदीचें पाणी घ्यावें, कोणत्या नगरासाठीं वाट वांकडी करावी, हें यक्ष मेघास आधीं समजावून सांगतो. मेघास पाय नाहींत हें खरें; परंतु ज्या देशांत निरोप्यास प्रथम वाट सांगण्याची रीत होती, त्याच देशांतल्या कवीस ही रचना सुचावी हें साहजिक होतें.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत या निरोप्यास कासीद, जासूद, हरकारा अशीं अनेक नांवें आहेत. जासूद हा नुसता पत्रवाहक नव्हे. वाटेंत जें पाहिलें व ऐकलें तें सांगणारा बातमीदारहि तोच. तो पुष्कळदां एकटा जात नसे. ‘जासूद जोडी’ रवाना केल्याचे उल्लेख जुन्या पत्रांत पदोपदीं येतात. एक आजारी पडला, पुरांत वाहून गेला किंवा शत्रूच्या हातीं लागला, तर दुसऱ्यानें काम तडीस न्यावें हा त्यांतील हेतु उघड आहे. तांतडीच्या कामासाठीं जें मोल ठरवून दिलें जाई त्यास ‘अजुरा’ म्हणत, व असा करार करून निघालेला निरोप्या तो ‘अजुरदार’. हे शब्द आतां कोशांतच उरले आहेत. परंतु एके काळीं राज्याचा श्वास त्यांच्यावर चालत होता.

अशाच एका करारी कासिदाची हकीकत ग्रँट डफनें दिली आहे. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सर्वनाश झाला. नानासाहेब पेशवे तेव्हां उत्तरेकडे निघाले होते. नागपूरकर जानोजी भोसल्यांची फौज त्यांना येऊन मिळाली होती. नर्मदेपाशीं लष्कर असतां एक कासीद जवळून जातांना पकडला गेला. तो सावकारांचा माणूस होता, आणि पानिपताहून औरंगाबादेस नऊ दिवसांत पोंचण्याचा त्याचा करार होता. त्याच्याजवळच्या पत्रांत मोत्यांच्या व मोहरांच्या सांकेतिक भाषेंत काय होतें तें मराठी वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पत्र सर्वांच्या स्मरणांत राहिलें. तें आणणाऱ्याच्या कराराकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पानिपत ते औरंगाबाद हें अंतर नकाशावर सरळ रेषेनें मोजलें तरी हजार किलोमीटरांहून अधिक भरतें; वाटेचीं वळणें धरलीं तर त्याहून पुष्कळच जास्त. नऊ दिवसांत तें तोडावयाचें म्हणजे रोजचे शंभरावर किलोमीटर झाले. ही मजल एकट्याच्या पायांनीं होण्याजोगी नव्हे; वाटेंत माणसें बदलत असावींत, किंवा कांहीं भाग वाहनावर काटला जात असावा. डफ त्याचा खुलासा करीत नाहीं. तरीपण एका पेढीनें असा करार करावा व एका माणसानें तो पत्करावा, एवढ्यावरून त्या काळीं वाटेवरच्या वेगाचें मान काय होतें तें कळून येतें. पेशवाईचा कणा मोडणारी बातमी त्या दिवशीं या माणसाच्या कमरेला होती. सदाशिवरावभाऊ व विश्वासराव यांचीं नांवें इतिहासांत अमर झालीं; कासिदाचें नांव डफनें विचारलें नाहीं, आणि विचारलें असतें तरी सांगणारा कोणी उरला नसता.

भोसल्यांच्या राज्याचा विस्तारच असा होता कीं, पायीं चालणाऱ्या टपालाशिवाय तें चालणें शक्य नव्हतें. १७५१ च्या तहानें ओरिसा त्यांच्याकडे आला, तेव्हांपासून १८०३ पर्यंत त्यांच्या सत्तेचें एक टोंक वऱ्हाडांत, तर दुसरें कटकास समुद्राजवळ होतें. मध्यें छत्तीसगड, संबळपूर व महानदीचें खोरें. सालाचीं व सागाचीं दाट रानें, विरळ वस्ती, आणि पावसाळ्यांत फुगून वाट अडविणाऱ्या नद्या. १७९० मध्यें लेकी नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें कटकाच्या वाटेनें नागपुरापर्यंत प्रवास करून त्याची रोजनिशी लिहून ठेविली. परक्या माणसास हा मुलूख मजल-दरमजल टिपून घ्यावासा वाटला, यांतच त्याचें अपरिचितपण दिसतें. अशा मुलखांत घोडा ही पुष्कळदां सोय नसून अडचण होई. त्यास दाणावैरण लागे. उतार नसलेली नदी त्यास थोपवून धरी. आणि रानांतली एका माणसापुरती पडलेली वाट त्यास पुरत नसे. माणूस फांदी वांकवून जाई, दगडावरून दगडावर उडी टाकी, भोपळ्यांच्या सांगडीवर नदी ओलांडी. इब्न बतूतानें माणसास घोड्याहून वेगवान म्हटलें याचें आपणांस नवल वाटतें, तें आपण सडकेवरून विचार करतों म्हणून. पायवाटेवरून विचार केला तर नवल उरत नाहीं.

कंपनी सरकारनें ही व्यवस्था शोधून काढली नाहीं. तिनें ती उचलली व तिला वेळापत्रक लावलें. १७७४ सालीं वॉरन हेस्टिंग्जनें कंपनीचें टपाल सामान्य लोकांस खुलें केलें. पत्रास दर शंभर मैलांमागें दोन आणे हा दर ठरला. सुमारें सात-आठ मैलांचा एक टप्पा धरून टप्प्याटप्प्यावर हरकारे नेमलेले असत. रात्रीं रानांतून जावयाचें असेल तेथें त्यांच्याबरोबर मशालजी व डुगडुगी वाजविणारा असे, कीं उजेडानें व आवाजानें श्वापदें दूर राहावींत. आपल्या ‘टपाल’ या शब्दाचें नातें ‘टप्प्या’शीं सांगतात, तें या व्यवस्थेस शोभणारें आहे. या मापानें पाहिलें तर झीरो माइलच्या दगडावरील शिवनीचें अंतर म्हणजे दहा टप्पे, जबलपूरचें एकवीस, आणि हैदराबादचें चाळीस. दगडावरचे आंकडे असे टप्प्यांत बदलून वाचले म्हणजे ते निर्जीव राहत नाहींत. एक थैली, आणि तिच्यासाठीं एकामागून एक धांवणारीं चाळीस माणसें. प्रत्येकानें आपल्या पूर्वीच्या माणसाचा घाम लागलेली थैली खांद्यावर घ्यावयाची व पुढच्याच्या स्वाधीन करावयाची. थैलींत काय आहे तें चाळिसांपैकीं एकासहि माहीत नाहीं.

या वाटेनें नागपूरच्या नशिबांतहि हात घातला. ११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरे रघूजी भोसले औरस पुत्राशिवाय वारले. गव्हर्नर जनरल डलहौसीनें जानेवारी १८५४ मध्यें जें टिपण लिहिलें व ज्याच्या आधारें हें राज्य खालसा झालें, त्यांत वारसाच्या प्रश्नाबरोबरच राज्य घेण्यापासून होणारे फायदेहि मोजलेले आहेत. त्यांतला एक असा कीं, मुंबई व कलकत्ता यांना सरळ जोडणारा जो एकच मार्ग आहे तो बहुतेक सगळा इंग्रजी हद्दींत येईल. त्या मार्गावर तोंपर्यंत नागपुरास आगगाडी नव्हती; हरकारे होते. टपालाच्या वाटेसाठीं राज्य गेलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल, आणि इतिहासलेखकानें अतिशयोक्तीचा मोह टाळावा हें बरें. परंतु एखादें राज्य घशांत घालतांना जी कारणें पुढें केलीं जातात त्यांत त्या राज्यांतून जाणारी वाट हेंहि एक कारण असावें, आणि ती वाट तुडविणाऱ्यांच्या पायांस याची गंधवार्ताहि नसावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. भोसल्यांचे जासूद भोसल्यांसाठीं धांवले, कंपनीचे हरकारे कंपनीसाठीं धांवले. आणि ज्या वाटेवर ते धांवले तिनें धन्यांची अदलाबदल होतांना पाहिली.

१८६७ मध्यें मुंबईची आगगाडी नागपुरास येऊन पोंचली व मोठ्या वाटेवरील धांव संपुष्टांत आली. आडवाटेवरची संपली नाहीं. स्टेशनापासून रानांतल्या खेड्यापर्यंत थैली नेणारा डाकवाला विसाव्या शतकांतहि पुष्कळ वर्षें टिकून होता. १९३७ सालीं टपालखात्यानें तिकिटांची एक मालिका काढली. तींत टपाल वाहून नेण्याचीं साधनें चितारलेलीं होतीं. दोन आण्यांच्या तिकिटावर धांवणारा डाकवाला, पुढें चढत्या किंमतीनें बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, आगबोट, मोटार, आणि बारा आण्यांच्या तिकिटावर विमान. ही चढण योगायोगाची असेल. पण माणसाचे पाय सर्वांत स्वस्त, हा तिचा अर्थ खोटा नव्हता. १९४९ मध्यें रात्रींचें हवाई टपाल सुरू झालें तेव्हां मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांचीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास उतरून थैल्यांची अदलाबदल करूं लागलीं. पुढें तीहि योजना बंद पडली. परंतु चौकीवर थैली बदलण्याची जुनी कल्पना आकाशांतून येऊन पुन्हां नागपुरासच उतरली, हा या शहराच्या मध्यवर्तीपणाचा महिमा होय.

या धांवेस पराक्रम म्हणावें कीं वेठ? या प्रश्नास वाङ्मयांत दोन उत्तरें मिळालीं आहेत. रुडयार्ड किप्लिंग यानें १८८६ मध्यें डोंगरांतल्या डाकवाल्यावर ‘दि ओव्हरलँड मेल’ ही कविता लिहिली. धांवणाऱ्याची जिद्द तींत उत्तम उतरली आहे. पण तिचा सूर हुकमाचा आहे. पूर असो, वादळ असो, टपालास सबब नाहीं. आणि डोंगरावर पत्राची वाट पाहत बसलेला साहेब हा त्या धांवेचा शेवट आहे. पुढें बंगालींत सुकांत भट्टाचार्य या तरुण कवीनें ‘रानार’ ही कविता लिहिली. १९४७ सालीं, वयाचीं एकवीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, हा कवि वारला. त्याच्या कवितेंत शेवट साहेबापाशीं नसून धांवणाऱ्याच्या घरापाशीं आहे : पाठीवर दुसऱ्याच्या पैशाची थैली आणि स्वतःच्या घरीं अन्नाची ओढ. आमच्या मतें दुसरें उत्तर अधिक खरें आहे. टपालखात्याच्या जुन्या इतिहासांत वाघानें हरकारा उचलून नेल्याच्या नोंदी आढळतात. थैली सांपडली कीं नाहीं याची चौकशी अशा वेळीं हटकून होई. तरी पहिलें उत्तर अगदींच टाकाऊ नाहीं. वेठीनें धांवणाऱ्यासहि आपल्या पायांचा अभिमान असूं शकतो, आणि तो अभिमान नाकारणें हाहि एक अन्यायच होईल.

मग ही चाकरी खेळ कशी झाली? स्कॉटलंडांत अशी परंपरागत कथा आहे कीं, अकराव्या शतकांत माल्कम राजानें ब्रेमार येथें डोंगर चढून धांवण्याची शर्यत लावली ती आपल्या निरोप्यांत सर्वांत चपळ कोण हें निवडण्याकरितां. कथा म्हणूनच ती घ्यावी. परंतु निरोप्याची परीक्षा हेंच डोंगरी शर्यतीचें मूळ, हा तिचा आशय पटण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियांतील जी शंभर मैलांची डोंगरी शर्यत या छंदाचा आरंभ मानली जाते, ती मूळची घोड्यांची होती. १९७४ मध्यें गॉर्डी एन्स्ली नांवाचा एक स्वार घोड्याशिवायच तींत उतरला व ठरलेल्या चोवीस तासांच्या आंत शेवटास पोंचला. अमेरिकेंत ही गोष्ट अचंब्याची ठरली. इब्न बतूता तेथें असता तर त्यानें मान हलवून आपली वही पुढें केली असती.

आपल्याकडे हें स्थित्यंतर पुण्यास घडलें. १९१९ च्या सुमारास डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनीं जें पाहिलें तें त्यांनीं पुढें एका पत्रांत लिहून ठेविलें आहे. शर्यतींत उतरलेले बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे होते. अन्न साधें, शिक्षण नाहीं, नियमांची माहिती नाहीं, पायांत वहाण नाहीं. अशा मुलांनीं सुमारें पंचवीस मैलांची शर्यत युरोपांतील वेळांच्या जवळ येईल अशा वेळांत पुरी केली. त्यांतूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठीं हिंदी संघ पाठविण्याची कल्पना निघाली. त्या संघांत बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. त्या वर्षींची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटर, म्हणजे नेहमींपेक्षां कांहींशी लांब होती. चौगुले यांनीं ती दोन तास पन्नास मिनिटें व कांहीं सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. सदाशिव दातार हे दुसरे मराठी धांवपटूहि त्या शर्यतीसाठीं गेले होते. ज्या पायांनीं ही कामगिरी केली ते पाय व्यायामशाळेंत घडले नव्हते. बांधावरून, ओढ्यांतून, घाटाच्या चढणीवरून रोज जाणें-येणें हीच त्यांची तालीम. जासुदाची धांव प्रथमच कोणाची थैली न घेतां परदेशांतील वेशीपर्यंत गेली, असें या प्रसंगाचें वर्णन करतां येईल.

आतां आरंभीं ज्याचा उल्लेख केला त्या नागपूरकर नवशिक्याकडे वळूं. त्यास परक्या ग्रंथांतून जें शिकविलें जातें त्यांतील बराचसा भाग जुन्या डाकेच्या रचनेंत अगोदरच आहे. पहिली गोष्ट टप्प्याची. शेंकडों मैलांची डाक चालविणाऱ्यांनीं एका माणसावर सात-आठ मैलांहून अधिक भार टाकला नाहीं. नवशिक्या मात्र पहिल्याच रविवारीं तेवढें पळूं पाहतो व दुसऱ्या रविवारीं गुडघा धरून बसतो. दम लवकर वाढतो; स्नायूंचे बंध व पायांचीं हाडें सावकाश तयार होतात, हें आजचें वैद्यक सांगतें. पहिला महिना दोन मैलांचा टप्पा पुरे. चढण लागली कीं चालावें, सपाटीस धांवावें, उतारावर पावलें लहान टाकावींत. बोलतां येणार नाहीं इतका दम लागला तर वेग जास्त झाला असें समजावें.

दुसरी गोष्ट जोडीची. सडकेवर पाय मुरगळला तर कोणीतरी पाहतें. रानांत पाहत नाहीं. म्हणून जासुदाप्रमाणें दोघांनीं जावें, व मागें राहिलेल्यासाठीं पुढच्यानें थांबावें. तिसरी गोष्ट वाटेची. यक्षाप्रमाणें वाट अगोदर समजून घ्यावी : पाणी कोठें, परतीचें वळण कोठें, वस्ती किती दूर. नवी वाट प्रथम चालून पाहावी, मग धांवावी. नागपूरची भूमि या दृष्टीनें विचित्र आहे. हें शहर दख्खनच्या काळ्या खडकाच्या पूर्व कडेवर वसलेलें आहे. सीताबर्डीची टेकडी त्याच खडकाची. पश्चिमेकडच्या टेकड्यांवर मुरूम व सुटे गोटे, त्यांवर पाय घसरतो. शेतांतली रेगड उन्हाळ्यांत भेगाळते व पावसाळ्यांत बुटास चिकटून शेर-शेर वजन वाढविते. रामटेकच्या बाजूचा दगड निराळा व धारदार. म्हणून नजर पायाच्या अंगठ्यावर न ठेवतां चार पावलें पुढें ठेवण्याची संवय लावावी लागते.

चौथी गोष्ट घुंगरांची. रानांत आपण परके आहोंत व आपण येत आहोंत हें कळविणें, हा त्या आवाजाचा अर्थ होता. कानांत संगीत कोंबून धांवणारा आज याच्या नेमकें उलट करतो. स्वतः कांहीं ऐकत नाहीं व मुंगसापासून गुराख्यापर्यंत सर्वांना दचकवितो. पेंच किंवा ताडोबा यांसारख्या राखीव व्याघ्रवनांच्या गाभ्यांत पायीं जाण्यास मज्जाव आहे, आणि तो पाळावा; हरकाऱ्यास वाघाच्या वाटेनें जाण्यावांचून गत्यंतर नव्हतें, आपणांस आहे. पांचवी गोष्ट ऋतूची. २०१३ च्या मे महिन्यांत नागपूरचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. अशा हवेंत नवशिक्यानें आरंभ करणें हा शौर्याचा नव्हे, अविचाराचा प्रकार होय. कार्तिकांत पहाटेचा गारवा पडूं लागला कीं आरंभ करावा. माघ संपेपर्यंत पायांस वाटेची ओळख होते, आणि पुढचा उन्हाळा पहाटेच्या पहिल्या तासांत निभावतां येतो.

हीं पांच पथ्यें कोणा एकाच्या बुद्धींतून निघालेलीं नाहींत. ज्यांच्यासाठीं चूक म्हणजे मरण होतें अशा माणसांच्या पिढ्यांनीं तीं घडविलीं. आणि येथेंच या नव्या छंदाचें एक देणें उत्पन्न होतें. आपण आज ज्या पायवाटांनीं हौसेनें धांवतों, त्या हौसेनें पडलेल्या नाहींत. पायवाट कोणी बांधीत नाहीं. ती चालण्यानें पडते व चालणें थांबलें कीं बुजते. टेकडीवरची वाट गुराख्यानें पाडली, तलावाकडची कोळ्यानें, रानांतली मोहफुलें वेंचणाऱ्या बायांनीं. त्या अजूनहि त्याच वाटेनें डोक्यावर ओझें घेऊन येतात. अशा वेळीं बाजूस सरून उभें राहावयाचें कोणीं, हा प्रश्न लहान दिसतो. पण जासुदाचा वारसा सांगावयाचा तर त्याचें उत्तर एकच आहे. ज्याच्या माथ्यावर ओझें आहे त्याचा वाटेवर हक्क पहिला.

फरक एवढाच, पण तो मोठा आहे, कीं आजच्या धांवणाऱ्यास कोणी धाडलेलें नाहीं. त्याच्या धांवेवर राज्य अवलंबून नाहीं, तो उशिरा पोंचला तर त्याचा अजुरा बुडत नाहीं. ही मोकळीक हजारों निनांवी पायांच्या मागून आपणांस मिळाली आहे. नागपुरांत धांवण्याच्या शर्यती आतां वारंवार होतात. त्यांपैकीं एखादी झीरो माइलपासून निघावी, तिचें अंतर किलोमीटरांबरोबर टप्प्यांतहि मोजलें जावें, आणि प्रत्येक टप्प्यावर एक घुंगरांची काठी एकाच्या हातांतून दुसऱ्याच्या हातांत जावी, अशी आमची सूचना आहे. त्यास खर्च थोडा व जागा मुळींच लागणार नाहीं. खांबाशेजारच्या चार घोड्यांच्या सोबतीस पांचवी मूर्ति उभी करावयाची कीं नाहीं, हें नगरवासीयांनीं मग सावकाश ठरवावें.